कमरेचा पट्टा लावून नऊ आठवडे झाले, आता जांघेत ओढ: हर्निया पट्ट्यामुळे होतो का?

स्लोलोकल | १२ जून, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चूकभूल सांभाळून घ्या.

वय ५१. मशीद बंदरला कागदाच्या होलसेल दुकानात हिशेब बघतो. पण हमाल कमी पडला की खोकी उचलायला मालकही उतरतो, मग मी कसा बसून राहणार? ए-फोर कागदाचं एक रीम सव्वादोन किलोच्या थोडं वरच भरतं, म्हणजे दहा रीमचं खोकं झालं तेवीस किलो. एप्रिलमध्ये असंच एक खोकं खालच्या फळीवरून उचलून वळलो आणि कमरेत कट्कन वाजलं. पुढचे दोन दिवस संडासला बसणंही जिवावर आलं. ऑर्थोने एमआरआय करायला लावला. कमरेच्या मणक्यांमधली (एल४-एल५) चकती थोडी बाहेर आली आहे, नस फारशी दाबलेली नाही. गोळ्या, शेक, फिजिओ आणि एलएस बेल्ट, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा. "तीन आठवडे घाला," म्हणाले.

तीनाचे नऊ झाले. कंबर आता ऐंशी टक्के बरी आहे, पण पट्टा काढायची भीती वाटते. सकाळी भांडुपहून स्लो पकडतो, मुलुंड-ठाण्याहून भरून आलेलीच असते. त्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं तरी पट्टा आहे म्हणून धीर असतो. घामोळ्यांनी कंबर सोलवटली आहे, तरी सोडवत नाही.

आता मुद्दा. पंधरा दिवसांपासून संध्याकाळ झाली की उजव्या जांघेच्या वर जड वाटतं, आतून कुणी ओढतंय असं. खोकलो की तिथे बोटाला काहीतरी लागतं, की भास होतो, देव जाणे. आडवा पडलो की गायब. सोसायटीतल्या एका काकांनी निदान करून टाकलं: "पट्ट्याने आतडं खाली ढकललं. माझ्या साडूचं सेम झालं." बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं आधी इथे विचारतो. त्यावर तिने केलेला चेहरा टंकता येत नाही.

खरंच पट्ट्यामुळे हर्निया होतो का? आणि पट्टा आता सोडू की ठेवू?

---

खडूसकाका | १२ जून, रात्री ११:०५

पट्टा फेकून द्या. कमरेला कुबडी लावली की कंबर लंगडी होणारच. रोज बारा सूर्यनमस्कार, संपला विषय. आमच्या वेळी असले चोचले नव्हते.

---

अर्धाकप | १२ जून, रात्री ११:३१

खडूसकाका, चकती सरकलेल्या माणसाला न तपासता सूर्यनमस्कार सांगू नका हो. पुढे वाकण्याची दोन आसनं आहेत त्यात, तीच नडतात.

स्लोलोकल, मी फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. आधी पोटाचं सांगते, मग पट्टा आपोआप कळेल. पोट हा चहूबाजूंनी बंद डबा समजा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढून-बाजूंनी स्नायू आणि मागे मणका. जड काही उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, डब्यातला दाब वाढतो आणि तोच दाब मणक्याला आतून टेकू देतो. पट्टा घट्ट आवळून, श्वास कोंडून वजन उचललं तर हा दाब आणखी वाढतो. वजन उचलणाऱ्या खेळाडूंवर हे मोजून पाहिलेलं आहे.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतून आतलं आतडं वगैरे बाहेर डोकावणं. त्याला दोन गोष्टी लागतात: भिंतीत एखादी कच्ची जागा आणि आतून दाब. पुरुषांना जांघेत ही कच्ची जागा जन्मजात मिळते. जन्माआधी वृषण पोटातून ज्या वाटेने खाली उतरतं, ती वाट तिथेच असते. म्हणून जांघेचा हर्निया पुरुषांत कितीतरी जास्त. ढोबळ हिशेब असा की आयुष्यभरात साधारण चार पुरुषांमागे एकाला होतो, बायकांत शंभरात तिघींना.

आता पट्टा. तो बरगड्यांखालून नितंबाच्या हाडापर्यंत असतो, म्हणजे त्याच्या कक्षेत येणाऱ्या पोटाला बाहेरून आधार मिळतो. जांघ मात्र त्याच्या खाली, उघडीच राहते. तेव्हा तुमच्या काकांची शंका अगदीच वेडगळ नाही. पण पट्टा वापरल्यामुळे हर्निया झाला असं दाखवणारा अभ्यास माझ्या तरी वाचनात आलेला नाही. दाब वाढवणारी बाकीची मंडळी पट्ट्यापेक्षा पुष्कळ ताकदवान असतात: जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं, ओझी.

यातलं काय काय आहे तुम्हाला? आणि उभं राहिल्यावर फुगवटा, झोपल्यावर गायब, हे लक्षण इथे टंकण्यापेक्षा सर्जनला दाखवण्याचं आहे. वहिनी बरोबर आहेत.

---

गिरणगावकर | १३ जून, सकाळी ७:१२

आमच्याकडे याला अंतर्गळ म्हणत. वडील लोअर परळच्या गिरणीत होते. त्यांच्या खात्यात दोघा-तिघांना होता, सगळे लंगोट आवळून कामावर. बाबांनी चामड्याचा एक पट्टा आणला होता, जांघेवर गोल गादीसारखी गोळी दाबून बसायची. वर्षानुवर्षं तोच. शेवटी १९८८ मध्ये केईएमला ऑपरेशन झालं. त्यानंतर बाबा एवढंच म्हणायचे, आधी का नाही केलं.

सांगायचा मुद्दा, कमरेचा पट्टा वेगळा आणि हर्नियाचा पट्टा वेगळा. केमिस्टकडे नुसतं "बेल्ट द्या" म्हटलं तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

---

मालाडची_मी | १३ जून, सकाळी ९:४०

थोडं अवांतर, पण पट्ट्याचंच. दुसऱ्या सिझेरियननंतर आजीने सुती नऊवारीच्या पट्टीने पोट आवळून बांधलं होतं, रीतच ती. नंतर मी दुकानातला पोटपट्टा घेतला आणि "पोट आत जाईल" म्हणून दिवसभर, जेवतानाही, घट्ट. झालं काय, घशाशी आंबट यायला लागलं आणि शिंकलं की लघवीचे थेंब. फिजिओने पट्टा सैल करायला लावला, दोन्ही कमी झालं. मधून आवळलं की दाब वर आणि खाली जाणारच की! बेंबीशी फुगवटा होता तो सोनोग्राफीत छोटा हर्निया निघाला. पण सर्जन म्हणाल्या तो पट्ट्याचा नाही, गरोदरपणात पोटाच्या मधल्या रेषेत फट पडते तिथला.

---

डेडलिफ्टदादा | १३ जून, सकाळी ११:२०

जिममधला चामडी बेल्ट आणि हा बेल्ट एक नाही हं. आमचा बेल्ट फक्त जड सेटपुरता. श्वास भरायचा, पोट बेल्टवर बाहेरच्या दिशेने दाबायचं, सेट संपला की बकल सोडायचं. दिवसभर घालून फिरणाऱ्याला आमचे सर हाकलून देतील.

शिवाय मी गोविंदा पथकात खालच्या थरात असतो. गुरुपौर्णिमेपासून सराव, खांद्यावर दोघे-दोघे. कमरेला सगळेच काही ना काही आवळतात. मागच्या वर्षी एका मित्राला सरावाच्या चौथ्या दिवशी जांघेत गाठ. त्याने मंडळात सांगितलंच नाही, थरात जागा जाईल म्हणून. दहीहंडी झाली, मग दवाखाना.

---

फाईलबंद | १३ जून, दुपारी १:५५

भिवंडीच्या एका गोदामात सेफ्टीचं काम बघतो. मॅनेजमेंटला वाटत होतं सगळ्या लोडरना कमरेचे पट्टे वाटले की कंबरदुखीच्या रजा थांबतील. तेव्हा हा विषय खोदून काढला होता.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी निऑश नावाची सरकारी संस्था आहे. तिने १९९४ मध्ये पट्ट्यांवरचे सगळे पुरावे तपासले आणि निरोगी कामगाराची कंबर पट्टा वाचवतो असं म्हणायला आधार नाही, असं सांगितलं. पट्ट्याने रक्तदाब आणि हृदयावरचा ताण वाढू शकतो, याकडेही बोट दाखवलं. मग त्यांनीच मोठा अभ्यास केला: नव्याने उघडलेली १६० दुकानं, नऊ हजारांवर कर्मचारी. २००० मध्ये तो छापून आला. पट्टा रोज वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात ना कंबरदुखीत फरक, ना दुखापतीच्या दाव्यांत.

लक्षात घ्या, हे धडधाकट माणसांबद्दल आहे. ज्याची चकती आधीच सरकली आहे त्याला थोडे दिवस दिलेला पट्टा ही वेगळी गोष्ट. आम्ही पट्ट्यांच्या पैशांत चार हायड्रॉलिक ट्रॉल्या घेतल्या. एक गहाळ झाली, पण तो वेगळा धागा होईल.

---

स्लोलोकल | १३ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. अर्धाकप ताई, तुमच्या यादीत मी बराच बसतो. बिडी सोडून चार वर्षं झाली, पण सकाळचा खोकला आहेच. गोळ्या चालू असताना पोट साफ होत नव्हतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, ते वयाचं असेल.

---

मीठभाकर | १३ जून, रात्री ११:५८

दादा, उशिरा लिहितेय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझे अण्णा माथाडी कामगार. आधी मशीद बंदरलाच, दाणाबंदरात. बाजार वाशीला गेल्यावर तिकडे. साखरेचं पोतं तेव्हा शंभर किलोचं असे. पुढे पन्नासाची पोती आली तर लोक म्हणायचे, आता काय, फुलं उचलायची. अण्णा कमरेला पटका बांधायचे, दोघांनी दोन टोकं ओढून. आम्ही पोरी हसायचो, अण्णांची वेणीफणी चाललीय म्हणून.

त्या पटक्याने अण्णांची कंबर वाचली की गेली, मला माहीत नाही. पण एक मात्र डोळ्यांनी पाहिलंय. ज्या दिवशी पटका नसे त्या दिवशी ते पोत्याला हात लावायच्या आधी थांबायचे, जोडीदाराला हाक मारायचे. पटका असला की हाक नाही. सरळ पाठीवर. हर्निया दोन्ही बाजूंना झाला. मुकादमाने विचारलं तर अण्णा म्हणाले, "पटका ढिला बांधला गेला त्या दिवशी." ऑपरेशन झाल्यावरही त्यांचा दोष पटक्याच्या गाठीलाच.

म्हणून एकच विचारते. पट्टा लागल्यापासून तुम्ही खोकी उचलणं बंद केलंत का?

---

स्लोलोकल | १४ जून, सकाळी ६:३८

ताई, तुमचा प्रतिसाद गाडीत वाचला. घाटकोपर येईपर्यंत दोनदा.

नाही केलं. खरं तर पहिले तीन आठवडे हातही लावला नाही. चौथ्या आठवड्यात शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्या, जूनच्या आधी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हापासून रोज दहा-पंधरा खोकी. एप्रिलच्या आधी मी दिवसाला चार-पाचच्या वर उचलत नव्हतो. मालक "राहू दे" म्हणाला तर मीच शर्ट वर करून पट्टा दाखवला होता.

हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

ओटीतलाचहा | १४ जून, दुपारी ३:२०

सर्जन आहे, दोन केसेसच्या मधे टंकतोय, तेव्हा थोडक्यात. न बघता निदान करणार नाही.

आडवं झाल्यावर आत जाणारी, न दुखणारी गाठ ही घाईची गोष्ट नसते, आठवड्याभरात दाखवा. पण गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, ठणकायला लागली, वरची कातडी लाल झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा-संडास बंद झालं, तर त्या रात्रीच इमर्जन्सी गाठायची. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. अशा वेळी गाठ स्वतः दाबून आत ढकलायच्या फंदात पडू नका, तेल लावून चोळू नका.

वाचणाऱ्या बायकांसाठी: जांघेची गाठ "आपल्याला कुठे हर्निया" म्हणून सोडू नका. तुमच्यात मांडीच्या सांध्याशी, थोडा खाली येणारा एक प्रकार जास्त दिसतो आणि तो अडकायची शक्यताही जास्त.

रात्री तीनदा उठणं वयाचं म्हणून सोडायचं नाही. सर्जनला ते आवर्जून सांगा.

---

खडूसकाका | १४ जून, दुपारी ४:०२

बरं, सूर्यनमस्काराचं मागे घेतो. पण त्रिफळा घ्यायला हरकत नसावी.

---

स्लोलोकल | २१ जून, रात्री ९:३०

अपडेट. दाखवून आलो. पालिकेच्या रुग्णालयात सकाळी सात वाजता केसपेपरच्या रांगेत, साडेअकराला आत. तपासणी चार मिनिटांची. उभं केलं, मान वळवून खोकायला सांगितलं, जांघेवर बोट. मग झोपवून पुन्हा. उजवीकडे हर्निया आहे, छोटा, आत जाणारा. भास नव्हता. गंमत म्हणजे डावीकडेही खोकल्यावर बोटाला किंचित धक्का लागतो म्हणाले, जिथे मला कधी काही जाणवलंच नव्हतं.

मी पट्ट्याचं विचारलं. डॉक्टर तरुण होते, हसले. "काका, पट्टा आरोपी नाही, फार तर साथीदार. वाट आधीपासून कच्ची होती. दोन्हीकडे आहे म्हणजे एका खोक्याचं हे काम नाही." मग खोकला, पोट, लघवी असं एकेक विचारत गेले. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. छातीचा एक्स-रे साफ. सकाळचा खोकला बिडीची देणगी, त्यासाठी वेगळ्या विभागात पाठवलं आहे. खोकला आणि लघवीचा जोर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन केलं तर त्यात बसवलेल्या जाळीवरही तोच ताण, म्हणून आधी महिनाभर हे.

पट्टा मात्र ऑर्थोकडून सोडवून घेतला. एकदम नाही. आता फक्त गाडीच्या प्रवासात, तोही सैल, तळवा आत सरकेल इतका. घरी, जेवताना, झोपताना नाही. पहिल्या दिवशी पट्ट्याविना जिना उतरताना मी कठड्याला असा धरून होतो की शेजारच्या पोराने विचारलं, काका चक्कर येतेय का.

बायकोला खोक्यांचं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. मालकाच्या बायकोने सांगितलं होतं म्हणे.

---

कोपऱ्यातलासीट | २१ जून, रात्री १०:१०

ऑपरेशन लगेच न करता चालतं? माझ्या भावालाही छोटा आहे, तो नुसता टाळतोय. शिवाय मणक्याचा त्रास असलेल्याला पाठीत इंजेक्शन देतात का? तीच त्याची मोठी भीती.

---

ओटीतलाचहा | २२ जून, सकाळी ८:०५

त्रास जवळपास नसलेल्या पुरुषांना नुसतं लक्ष ठेवून थांबू देणं सुरक्षित आहे, हे २००६ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहून कमी होतं. पण त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत साधारण दोन तृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे टाळता येतं, पण बहुतेकांना फार काळ नाही. हे फक्त पुरुषांच्या जांघेतल्या हर्नियाबद्दल, बहिणीला लागू करू नका.

भूल: चकतीचा त्रास आहे म्हणून पाठीतलं इंजेक्शन सरसकट बाद होत नाही, ते भूलतज्ज्ञ एमआरआय बघून ठरवतात. टाके घालून जाळी बसवण्याचं ऑपरेशन तेवढीच जागा बधिर करूनही होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला मात्र बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. दोन्ही बाजूंना असेल तर दुर्बिणीने एकाच वेळी दोन्ही होतात, हा त्याचा फायदा.

---

अर्धाकप | २२ जून, सकाळी ११:४५

स्लोलोकल, छान केलंत. आता पट्ट्याच्या जागी स्नायू कामाला लावायचे. तुमच्या फिजिओकडून हे शिकून घ्या: उताणं पडून गुडघे वर, श्वास *सोडत* बेंबी हलकेच आत. श्वास कोंडायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. उताणं पडून उठायचे व्यायाम (सिट-अप) आणि दोन्ही पाय एकदम वर उचलणं सध्या बंद. खोकताना-शिंकताना तळहात जांघेवर दाबून धरा. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन.

आणि थोडे आठवडे पट्टा घातला म्हणून स्नायू सुकून जात नाहीत, ती भीती डोक्यातून काढा. सवय मनाला जास्त लागते. ज्यांना पट्टा खरंच हवा, म्हणजे हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेली आजी वगैरे, त्यांनी तो मापाने करून घ्यावा. हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन आहे, १९५५ पासूनचं सरकारी. तिथे पट्टे-ब्रेस बनवण्याची कार्यशाळाच आहे. रांग असते, डबा घेऊन जा.

---

मीठभाकर | २२ जून, रात्री ११:२०

दादा, दुकानात आता खोकी कोण उचलतंय?

---

स्लोलोकल | २३ जून, सकाळी ६:४१

ताई, मालकाने फाईलबंद साहेबांचा प्रतिसाद माझ्या फोनवर वाचला आणि दुसऱ्याच दिवशी लोहार चाळीतून ट्रॉली आणली. एक चाक करकरतं, पण चालते. खोकी आता खालच्या फळीवर ठेवतच नाही, कमरेच्या उंचीवर रचतो. नवीन पोरगा आलाय, विशीचा. तो माझा पट्टा मागत होता. दिला नाही. तुमच्या अण्णांच्या पटक्याची गोष्ट सांगितली. "मग हाक कुणाला मारू," म्हणाला. म्हटलं, मला. मी उचलणार नाही, पण दुसरं टोक धरायला कुणाला तरी पकडून आणीन.

एक चिंता राहिलीच. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, शाडूचा, चांगला वजनदार. चौथा मजला, लिफ्ट नाही. दर वर्षी मीच उतरवतो.

---

खडूसकाका | २३ जून, सकाळी ७:०३

भांडुप पूर्व की पश्चिम? मी पश्चिमेला राहतो. विसर्जनाला येतो, उतरवू दोघं मिळून. माझाही एलएस बेल्ट आहे, बांधून येईन. सहा वर्षं झाली, सवयच आहे.

---

डेडलिफ्टदादा | २३ जून, सकाळी ७:०५

काका!!!!

---

अर्धाकप | २३ जून, सकाळी ७:३०

सहा वर्षं?? खडूसकाका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजच. आणि गणपती डेडलिफ्टदादा उतरवेल, तुम्ही झांजा घ्या.